पोपटासारखा बोलू लागला

मराठी वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात एक वाक्य वर्षानुवर्षं जसंच्या तसं छापलं जातं. सुरुवातीला आरोपीने उडवाउडवीची उत्तरं दिली, मात्र पोलिसी खाक्या दाखवताच तो पोपटासारखा बोलू लागला. नाव बदलतं, गाव बदलतं, गुन्हा कधी मोबाइलचोरीचा असतो तर कधी खुनाचा, वाक्य तेच. खाक्या म्हणजे नेमकं काय, हे बातमीत कधी सांगत नाहीत आणि आपणही विचारत नाही. आपल्याला ठाऊक असतं. बातमीदाराला ठाऊक असतं, उपसंपादकाला ठाऊक असतं, चहाच्या टपरीवर तो अंक चाळणाऱ्यालाही ठाऊक असतं. सगळ्यांना माहीत असलेली आणि कायद्याने गुन्हा असलेली गोष्ट एका वाक्प्रचारात गुंडाळून आपण रोज सकाळी वाचतो.

पण त्यातल्या पोपटाकडे जरा नीट बघा. पोपट खरं बोलतो म्हणून त्याला कुणी पाळत नाही. तो शिकवलेलं बोलतो. याच भाषेत पोपटपंची असाही एक शब्द आहे. न समजता घोकलेलं ओकणाऱ्या विद्यार्थ्याला मास्तर तो शब्द सुनावतात. म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये पोपट असणं ही नाचक्की आणि कोठडीत पोपट होणं हा पुरावा. भाषेला आतून जे कळलंय, ते आपल्या सिनेमाला आणि वेब सिरीजला अजून कळलेलं नाही, असं मला वाटतं. हा लेख त्याबद्दल आहे: दहशतवादाच्या संशयिताला बोलतं करण्याचे प्रसंग पडद्यावर कसे रचले जातात आणि त्या रचनेत कोणती गोष्ट हळूच आपल्या गळी उतरवली जाते.

'अ वेन्सडे'पासून सुरुवात करू, कारण तो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय आणि बहुतेकांना आवडलाय. नीरज पांडेचा हा सिनेमा सप्टेंबर २००८ मध्ये आला. नसीरुद्दीन शाहचा सामान्य माणूस शहरात बॉम्ब पेरल्याची धमकी देऊन चार दहशतवाद्यांना एका जागी आणायला लावतो, त्यांना सोडवण्यासाठी नव्हे, मारण्यासाठी. त्याच्या रागाचं मूळ ११ जुलै २००६च्या लोकल स्फोटांत आहे. गुन्हेगार आहे की नाही हे ठरवायला यंत्रणेला वर्षानुवर्षं का लागतात, ही त्याची तक्रार. थिएटरात टाळ्या पडल्या त्या या तक्रारीला. नसीर इतका संयमाने बोलतो की ती तक्रार वेडेपणाची वाटतच नाही, अगदी आपल्या बिल्डिंगमधल्या काकांनी मांडल्यासारखी वाटते.

आता सिनेमा एक प्रश्न टाळतो, तो बघा. ते चौघे खरोखर दोषी आहेत का, हे कुणी एकदाही विचारत नाही. विचारायची गरजच नाही, कारण पटकथेला ते आधीच माहीत आहे. लेखकाने दोषी म्हणून लिहिलेत, म्हणून ते दोषी. खऱ्या चौकशीच्या खोलीत मात्र नेमकी हीच एक माहिती कुणाकडे नसते. चौकशी त्यासाठीच तर असते! पडद्यावरच्या प्रत्येक थर्ड डिग्रीच्या प्रसंगात ही गफलत आहे. प्रेक्षक म्हणून तुम्हाला अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवलं जातं, पण त्या अधिकाऱ्याला जे अंधारात चाचपडणं नशिबी असतं, ते तुमच्या वाट्याला येऊ देत नाहीत. तुम्हाला खात्री फुकटात मिळते. मग उरतो तो एवढाच प्रश्न: हा हरामखोर तोंड कधी उघडणार?

अमेरिकेतल्या 'ट्वेंटी-फोर' मालिकेने हे सूत्र इतकं गिरवलं की २००६ मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे डीन ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन त्या मालिकेच्या लोकांना भेटायला गेले. आमची पोरं तुमची मालिका बघून चुकीचं शिकतायत, जरा आवरा, हे सांगायला. लष्करातला माणूस मनोरंजनवाल्यांना हिंसा कमी करा म्हणतोय, हा प्रसंग स्वतंत्र विनोदी नाटकाचा ऐवज आहे. पुढे ती मालिका हिंदीतही आली, अनिल कपूरला घेऊन, अभिनय देव यांच्या दिग्दर्शनात. घड्याळाची टिकटिकही सोबत आली. बॉम्ब फुटायला इतकी मिनिटं बाकी, माणूस हातात आहे, त्याला माहीत आहे, बोला आता, माराल की नाही? महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेतही हा प्रश्न असाच फेकला जातो. या प्रश्नात तीन खात्र्या आधीच भरलेल्या आहेत: बॉम्ब आहे, हाच तो माणूस, याला माहीत आहे. तिन्ही खात्र्या ज्याच्याकडे आहेत त्याला विचारायचं उरलंच किती थोडं.

'अ वेन्सडे' प्रदर्शित झाला तेव्हा ज्या स्फोटांचा राग त्यात आहे, त्यांचे तेरा आरोपी तुरुंगात होते. त्यांचं पुढे काय झालं, हे त्या सिनेमाशेजारी ठेवून वाचायला हवं.

अकरा जुलैच्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले. १८०हून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली. दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, तपास केला, मकोका लावला. मकोकाचं वैशिष्ट्य असं की त्यात वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. एरवी तो चालत नाही. १८७२च्या साक्षीपुरावा कायद्याने पोलिसांसमोरची कबुली बाद ठरवली होती, नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. १८७२ म्हणजे इंग्रजांचं राज्य, पोलिसही त्यांचेच. तरी स्वतःच्या पोलिसाने आणलेल्या कबुलीवर त्यांचा विश्वास नव्हता. तो कायदा लिहिणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने पुढे एका पुस्तकात हिंदुस्थानातल्या एका अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवून ठेवलंय. पोलिस कैद्याचे हाल का करतात, यावर त्या अधिकाऱ्याचं उत्तर क्रौर्य असं नव्हतंच, ते होतं आळस. उन्हातान्हात पुरावा शोधत फिरण्यापेक्षा सावलीत बसून कुणाच्या तरी डोळ्यांत मिरची चोळणं सोपं पडतं, अशा अर्थाचं. दीडशे वर्षांपूर्वीचं हे निदान मला आजच्या कितीतरी नैतिक चर्चांपेक्षा नेमकं वाटतं. स्वतंत्र भारताने टाडा, पोटा आणि मकोका आणून याच आळसाला कायदेशीर दार उघडून दिलं.

२०१५ मध्ये विशेष न्यायालयाने तेरापैकी बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. तोवर त्यातला एक तुरुंगातच मरण पावला होता. उच्च न्यायालयाने कबुलीजबाब का नाकारले, त्याची कारणं अनेक आहेत, पण एक कारण या लेखासाठी मोलाचं. वेगवेगळ्या माणसांचे, वेगवेगळ्या वेळी नोंदवलेले जबाब काही ठिकाणी हुबेहूब जुळत होते. तीच वाक्यरचना, तोच क्रम. वैद्यकीय नोंदींत मारहाणीच्या तक्रारीला पुष्टी देणाऱ्या गोष्टी होत्या. माणसं पोपटासारखी बोलली होती, शब्दशः. (तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत मात्र पाठवलं नाही. सरकारचं अपील तिथे आहे.)

आणखी एक गोष्ट. २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेसमोर दुसऱ्या संघटनेच्या एका माणसाने हेच स्फोट आपल्या लोकांनी केल्याचा जबाब दिला होता. पुढे न्यायालयात तो फिरला, तो जबाब जबरदस्तीने घेतला म्हणाला. एकाच शहराचं पोलिस दल, एकच गुन्हा, दोन कबुल्या, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. हा प्रसंग कुठल्याही सिनेमात नाही. कारण तो लिहायचा तर पटकथालेखकाला स्वतःलाच माहीत नसलेलं काहीतरी लिहावं लागेल.

एका सिनेमाने मात्र हे न माहीत असणं पकडलंय, तेही पहिल्याच प्रसंगात. अनुराग कश्यपचा 'ब्लॅक फ्रायडे'. एस. हुसेन झैदींच्या पुस्तकावरचा. १९९३च्या बॉम्बस्फोटांचा खटला चालू असल्यामुळे उच्च न्यायालयाने त्याचं प्रदर्शन रोखलं होतं, शेवटी फेब्रुवारी २००७ मध्ये तो लोकांसमोर आला. सुरुवात होते ९ मार्च १९९३ला, म्हणजे स्फोटांच्या तीन दिवस आधी. गुल मोहम्मद नावाचा एक किरकोळ गुंड पोलिसांच्या ताब्यात आहे. तो सांगतो की मुंबईत मोठ्या ठिकाणी स्फोट घडवायचा कट शिजलाय. पोलिस त्याला उडवून लावतात. काहीही बरळतोय साला.

आणि १२ मार्चला शेअर बाजार, एअर इंडिया, पासपोर्ट ऑफिस. २५७ माणसं.

हा कल्पनाविलास नाही, हे घडलेलं आहे. वादविवाद स्पर्धेतला तो टिकटिकणारा बॉम्ब मुंबईत खरोखरच होता, माहिती असलेला माणूस खरोखरच हातात होता आणि तो बोललाही होता. अडलं कुठे? ऐकणाऱ्यापाशी. सत्य समोर आलं तेव्हा ते ओळखायला लागणारी दुसरी कुठलीच माहिती त्या खोलीत नव्हती. ना दुबईची, ना उतरलेल्या मालाची. ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासमोर खरं आणि बरळणं एकसारखंच ऐकू येतं. माझ्या मते हिंदी सिनेमातला चौकशीचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे, आणि गंमत म्हणजे 'ब्लॅक फ्रायडे'बद्दल बोलताना लोकांना आठवतो तो झोपडपट्टीतला लांबलचक पाठलाग.

त्यापुढचा सिनेमा थर्ड डिग्री लपवत नाही. के. के. मेननचा राकेश मारिया तपास हाती घेतो आणि कोठड्या भरतात. मारहाण होते, आरोपींच्या घरच्यांना, बायकांनासुद्धा आणलं जातं. त्यातून माहिती निघत नाही, असंही कश्यप म्हणत नाही. निघते. एक धागा दुसऱ्याकडे नेतो. इथे तो प्रामाणिक आहे आणि मलाही त्याच्याइतकंच प्रामाणिक राहायला हवं: मारल्यावर माणूस कधीकधी खरं सांगतो. फक्त कधी खरं सांगितलं आणि कधी सुटका व्हावी म्हणून काहीही, हे मारणाऱ्याला तिथल्या तिथे कळत नाही. कश्यपचा कॅमेरा त्या खोल्यांत शिरतो तेव्हा टाळ्या घ्यायला थांबत नाही. मारिया विजयी दिसत नाही, थकलेला दिसतो. मेननने त्या भूमिकेत आवाज जवळजवळ कुठेच चढवलेला नाही.

आणि मग बादशाह खानचा भाग येतो. आदित्य श्रीवास्तवने रंगवलेला हा आरोपी स्फोटांनंतर पळतो. या शहरातून त्या शहरात. टायगर मेमनची माणसं मदतीचा शब्द देतात आणि वाऱ्यावर सोडतात. पैसे संपतात, आश्वासनं संपतात. कश्यप या पळापळीला इतका वेळ देतो की पहिल्यांदा बघताना कंटाळा येतो. पण तो वेळ वाया गेलेला नाही. मारियासमोर बसेपर्यंत हा माणूस पोलिसांमुळे तुटलेला नाही, स्वतःच्याच लोकांनी वापरून फेकल्यामुळे आतून रिकामा झालाय. मारिया त्याला फक्त हे दाखवून देतो की टायगर दुबईत सुखरूप बसलाय आणि तू इथे आहेस. तो माफीचा साक्षीदार होतो. अख्ख्या सिनेमातली सर्वांत फलदायी चौकशी ही दोन माणसांची बातचीत आहे.

आता समुद्रापलीकडे जाऊ, कारण या विषयावरचा सर्वांत गाजलेला वाद तिथल्या एका सिनेमावरून झाला. कॅथरिन बिगेलोचा 'झीरो डार्क थर्टी', २०१२. ओसामा बिन लादेनच्या शोधाची गोष्ट. सुरुवातीला काळा पडदा आणि ११ सप्टेंबरच्या फोनकॉलचे आवाज. लगेच पुढे एका गुप्त ठिकाणी अम्मार नावाच्या कैद्याचे हाल. हे जोडकाम विचारपूर्वक केलेलं आहे: आधी तुमच्या कानात मरणाऱ्यांचे आवाज भरायचे आणि मग हा माणूस समोर ठेवायचा. बिगेलो आणि लेखक मार्क बोल म्हणाले की आम्ही फक्त दाखवतोय, समर्थन करत नाही. सिनेटर फाइनस्टाइन, लेव्हिन आणि मॅकेन यांनी सोनी कंपनीला पत्र लिहून सिनेमा दिशाभूल करतो असं सुनावलं. मॅकेन स्वतः व्हिएतनाममध्ये युद्धकैदी म्हणून हाल सोसलेले होते, त्यामुळे त्यांच्या सहीला वेगळं वजन होतं.

दोन्ही बाजू सिनेमा पुरेसा नीट बघत नाहीत, असं माझं मत आहे. अम्मारला पुढचा हल्ला कधी, असं विचारत एका पेटीत कोंबलं जातं, तेव्हा तो काय उत्तर देतो? एकामागोमाग एक वार. शनिवार, रविवार, सोमवार... सगळे. पोपट. आणि हल्ला टळत नाही. पुढच्या प्रसंगात ते त्याला उन्हात बसवतात, जेवण वाढतात आणि थाप मारतात की तू तर आम्हाला सगळं सांगितलंयस, झोप नसल्याने तुला आठवत नाही. तेव्हा जेवता जेवता तो बिन लादेनच्या निरोप्याचं नाव सांगतो. म्हणजे नाव मिळालं ते थापेने आणि जेवणाने. पण थाप चालली ती आधी झोप हिरावून घेतल्यामुळे. सिनेमा असा दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा आहे. त्याहून बोलका तपशील बराच उशिरा येतो: ते नाव कित्येक वर्षांपासून एका फाइलमध्ये पडून होतं, कुणी वाचलंच नव्हतं. गुल मोहम्मद आठवला ना?

खऱ्या घटना सिनेमापेक्षा स्पष्ट आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने सीआयएच्या चौकशी कार्यक्रमावरच्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला. मूळ अहवाल ६,७००हून अधिक पानांचा. ११९ कैदी, त्यातले निदान २६ जण सीआयएच्या स्वतःच्याच निकषांनुसार चुकीने धरलेले. खालिद शेख मोहम्मदला मार्च २००३ मध्ये १८३ वेळा पाण्याने गुदमरवलं. निरोप्याबद्दलची सर्वांत उपयोगी माहिती हसन गुल नावाच्या कैद्याकडून आली, ती त्याचे हाल सुरू होण्याच्या आधी. तो इतक्या सहज बोलत होता की एका अधिकाऱ्याने त्याला कार्टूनमधल्या ट्वीटी पक्ष्याची उपमा दिली. पक्षी तिथेही आहेच, फक्त त्यांचा पक्षी खाक्या दाखवण्याआधीच गात होता. तरीही नंतर त्याचे हाल केले गेले. याच्या उलट इब्न अल-शेख अल-लिबी. त्याला इजिप्तच्या हवाली केलं. तिथे त्याने इराक आणि अल कायदा यांचं साटंलोटं असल्याचं सांगितलं. ती माहिती ५ फेब्रुवारी २००३ रोजी कॉलिन पॉवेल यांच्या संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणात पोचली आणि पुढच्याच महिन्यात इराकवर हल्ला झाला. नंतर तो म्हणाला, हाल थांबावेत म्हणून ते सांगितलं. एका माणसाने विचारणाऱ्याला हवं होतं तेच सांगितलं, त्याची किंमत एका अख्ख्या देशाने मोजली.

मग दुसरी पद्धत कशी दिसते? अली सूफान हा एफबीआयचा लेबनॉनमध्ये जन्मलेला, अरबी बोलणारा अधिकारी. अकरा सप्टेंबरनंतर लगेच येमेनच्या तुरुंगात तो अबू जंदल या बिन लादेनच्या माजी अंगरक्षकासमोर बसला. (आपल्या बीडचा अबू जुंदाल तो वेगळा.) अबू जंदल अमेरिकनांकडे बघायलाही तयार नव्हता, नुसती प्रवचनं झोडत होता. सूफानच्या लक्षात आलं की हा चहा घेतो पण बिस्किटांना हात लावत नाही. विचारलं तर मधुमेह. दुसऱ्या रात्री बिनसाखरेची बिस्किटं आली. पुढच्या काही रात्रींत त्या माणसाने छायाचित्रांच्या अल्बममधून सात अपहरणकर्ते ओळखले, ते अपहरणकर्ते असल्याचं लक्षात न येता अमेरिकनांच्या हाती पुरावा दिला. पुढे अबू झुबैदा जखमी अवस्थेत पकडला गेला. तुझं नाव काय, या प्रश्नाला त्याने खोटं नाव सांगितलं तेव्हा सूफानने त्याला 'हानी' म्हणून हाक मारली. त्याची आई त्याला लाडाने त्या नावाने हाक मारायची. अकरा सप्टेंबरच्या कटामागे खालिद शेख मोहम्मद होता, हे त्याने अशाच बोलण्यात सांगितलं. त्यानंतर तो सीआयएच्या कंत्राटदारांच्या हातात गेला आणि ऑगस्ट २००२ मध्ये ८३ वेळा गुदमरवला गेला.

याला माणुसकी म्हणायचं का, यावर मी अडखळतो. बिस्किटं हा डाव होता. आईने ठेवलेलं नाव वापरणं हा तर अंगावर काटा आणणारा डाव. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचा हान्स शार्फ पकडलेल्या वैमानिकांना रानात फिरायला न्यायचा, गप्पा मारायचा, कधी हात उगारायचा नाही. गप्पांत एखादी चुकीची गोष्ट बोलायचा आणि वैमानिक ती दुरुस्त करायचा, एवढंच त्याला हवं असायचं. चाकरी कुणाची, तर हिटलरच्या राज्याची. तेव्हा हात न उचलणं म्हणजे चांगुलपणा नव्हे. फरक दुसरीकडे आहे. या पद्धतीत विचारणाऱ्याला मेहनत करावी लागते. भाषा शिकावी लागते, फाइल वाचावी लागते, समोरच्याची आई त्याला काय म्हणते हे हुडकावं लागतं. म्हणजे उत्तर आल्यावर ते खरं की खोटं हे ताडायला लागणारं सगळं आधीच डोक्यात असतं. स्टीफनच्या अधिकाऱ्याने म्हटलं होतं ते ऊन हेच.

आणि ही मेहनत पडद्यावर कशी दाखवायची? 'द लूमिंग टॉवर' या २०१८च्या मालिकेत ताहर रहीमने सूफान रंगवलाय, तो प्रयत्न चांगला आहे. 'द रिपोर्ट' (२०१९) हा सिनेटच्या अहवालाचीच गोष्ट सांगतो. अ‍ॅडम ड्रायव्हर तळघरात बसून वर्षानुवर्षं कागद वाचतो. हेतू उत्तम, पण सिनेमा म्हणून कोरडा. त्यात हाल झालेल्यांना चेहरा मिळत नाही, ते पुरावा म्हणून येतात आणि जातात. आपल्याकडे राम गोपाल वर्माच्या 'द अटॅक्स ऑफ २६/११' मध्ये नाना पाटेकर कसाबला शवागारात नेतो, त्याच्या साथीदारांची प्रेतं दाखवतो. मारियांनी आपल्या आत्मचरित्रात तसं केल्याचं सांगितलंय, त्यामुळे प्रसंगाचा पाया पक्का. पण पडद्यावर काय होतं? नाना बोलतो. बोलतच राहतो. धर्म म्हणजे काय, जिहाद म्हणजे काय. अभिनय म्हणून जबरदस्त, टाळ्याखेचक, पण प्रश्न विचारायला आलेला माणूस व्याख्यान देऊन निघून जातो. आपल्या सिनेमाला कान असलेला पोलिस लिहिता येत नाही, तोंड असलेलाच येतो. खऱ्या कसाबची कबुली पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवली गेली, वकील मिळाला, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कबुली स्वेच्छेची ठरवली आणि शिक्षा शेवटपर्यंत टिकली. कॅमेऱ्यात पकडलेला, रंगेहाथ सापडलेला हा गुन्हेगार. त्याच्या खटल्यात सगळी पथ्यं पाळली गेली. ज्यांच्या दोषाबद्दल शंका होती, त्यांच्या खटल्यात ती पाळली गेली नाहीत.

इथे तो हमखास प्रश्न येतोच. तुमच्या घरचं कुणी त्या लोकलमध्ये असतं तर? फॅमिली ग्रुपवर हा प्रश्न आला की पुढे कुणी बोलत नाही. प्रश्न खोटा नाही. माहीम, वांद्रे, मीरा रोड, या स्टेशनांवरून रोज जाणाऱ्या कुणालाही तो बोचेल. पण ज्यांच्या घरचं माणूस खरोखर त्या डब्यात होतं, त्यांना १९ वर्षांनंतर काय मिळालं, हेही त्याच प्रश्नात धरायला हवं. उच्च न्यायालयाने त्या निकालात म्हटलंय की खरा गुन्हेगार शोधल्याचा नुसता देखावा केला तर समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकाट राहतो. त्या कुटुंबांना हा निकाल म्हणजे आपल्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय वाटला असेल, तर त्यांना तसं वाटू नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू. फक्त त्या रागाचं बोट न्यायाधीशांकडेच का जावं, हा माझा प्रश्न आहे.

त्याच महिन्यात, ३१ जुलैला, २००८च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी सुटले. तिथेही आरोपींनी कोठडीतल्या छळाचे आरोप केले होते, आणि तेही एटीएसवरच. दहा दिवसांत दोन निकाल. समाजमाध्यमांवर बघितलं तर एका बाजूला पहिल्या तक्रारी खऱ्या आणि दुसऱ्या खोट्या, दुसऱ्या बाजूला बरोबर उलट. मारहाण झाली की नाही हे आरोपीच्या नावावरून ठरवणारे लोक दोन्हीकडे सारखेच होते. प्रत्येकाने आपापली पटकथा आधीच वाचलेली.

लोकल स्फोटांच्या खटल्यातून २०१५ मध्येच सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांच्या अनुभवावर सुदर्शन गमरे यांनी 'हिमोलिम्फ' नावाचा सिनेमा केला, २०२२ मध्ये. लहान बजेट, काही ठिकाणी बाळबोध, पार्श्वसंगीत नको तिथे रडतं. पण 'अ वेन्सडे'च्या बरोबर समोरच्या खुर्चीत तो तुम्हाला बसवतो: आपल्याला काहीच माहीत नाही आणि विचारणाऱ्याचा विश्वास बसत नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्याच्या छळाला शेवट कसा येणार? खोटं बोलूनच. 'अ वेन्सडे' पाहिलेल्यांपैकी किती जणांनी 'हिमोलिम्फ'चं नाव तरी ऐकलंय, हे आपल्या मित्रांना विचारून बघा.

अबू झुबैदाच्या चौकशीचं सीआयएने खरोखर चित्रीकरण केलं होतं. त्या आणि आणखी एका कैद्याच्या मिळून ९२ टेप होत्या. नोव्हेंबर २००५ मध्ये त्या वरिष्ठांच्या आदेशाने नष्ट करण्यात आल्या. पटकथा नसलेलं ते चित्रण कुणीच बघू शकणार नाही, आणि सात वर्षांनी त्या रिकाम्या जागी 'झीरो डार्क थर्टी' आला. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलिस ठाण्यात, कोठडीसकट, सीसीटीव्ही लावायचा आदेश दिला. चौकशी करणाऱ्या एनआयएसारख्या यंत्रणांच्या कार्यालयांतही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला स्वतःहून पुन्हा या विषयाची दखल घ्यावी लागली. ठाण्यांतले कॅमेरे चालत नव्हते.